दिशाज्ञान : उपचाराची पहिली पायरी

रुग्णाची नाडी कोठे लागते, हे वैद्यकीय शिक्षणाच्या आरंभीच शिकविले जाते. रुग्णाचे घर कोठे लागते, हे मात्र शेवटपर्यंत कोणी शिकवीत नाही. शहरात त्यावाचून फारसे अडत नाही. रस्त्यांना नावे असतात, घरांना क्रमांक असतात आणि चौकात विचारावयास माणसे असतात. वांकिडीच्या परिसरात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांचे मात्र पदोपदी अडते. सर्पदंश झालेला शेतमजूर, अडलेली बाळंतीण, तापाने फणफणलेले मूल यांच्यासाठी औषध उपलब्ध असते, वाहनही उपलब्ध असते. पण वाहन नेमके कोठे न्यायचे, हे सांगण्यातच मोलाचा वेळ जातो. म्हणूनच जीपीएस, नकाशा आणि होकायंत्र यांचे प्राथमिक ज्ञान हा गिर्यारोहकांचा छंद न मानता आपल्या व्यवसायाचा भाग मानावा, असे या लेखात सुचवावयाचे आहे.

आपल्या भागाची अडचण थोडी वेगळी आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले आणि वांकिडी आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ मध्ये तेलंगण झाले. २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन वांकिडी मंडल कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आले. माणसे जागच्या जागी राहिली, पत्ते मात्र बदलत गेले. शेजारच्या जिवती तालुक्यातील मुकादमगुडा, परमडोली यांसारख्या गावांवर तर दोन्ही राज्यांनी वर्षानुवर्षे दावा सांगितला आणि तेथील लोकांकडे दोन-दोन शिधापत्रिका आल्या. त्यात एकाच वस्तीला मराठीत एक, तेलुगूत दुसरे आणि गोंडीत तिसरे नाव असावे, किंवा एकाच नावाचे दोन गुडे जवळजवळ असावेत, हे आपल्याला नवीन नाही. सीमेवरून १०८ क्रमांक फिरविला, तर मोबाइल कोणत्या राज्याच्या मनोऱ्याशी जोडला गेला आहे, यावर तो दूरध्वनी कोणत्या राज्याच्या केंद्रात जाईल हे ठरू शकते. पलीकडच्या माणसाने आपल्या गुड्याचे नाव कधी ऐकलेलेही नसते. अशा वेळी कोणत्याही भाषेत, कोणत्याही राज्यात एकच अर्थ असणारा पत्ता हवा. तो पत्ता म्हणजे अक्षांश आणि रेखांश.

यावर सहज आक्षेप येईल, की आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. बोट ठेवले की रस्ता दिसतो. मग शिकावयाचे काय? या आक्षेपाचे उत्तर आपल्याच व्यवसायात आहे. बोटाला लावलेले यंत्र रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखविते, म्हणून आपण रुग्णाकडे पाहणे सोडून देत नाही. यंत्राचा आकडा केव्हा खरा मानायचा आणि केव्हा नाही, हे कळण्यासाठीच तर शिक्षण लागते. जीपीएसचेही तसेच आहे.

ही व्यवस्था मुळात अमेरिकेची. सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरणाऱ्या दोन डझनांहून अधिक उपग्रहांचे संकेत आपला ग्राहक टिपतो. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूक वेळ यांचे गणित सुटते. पूर्वी नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम त्रुटी मिसळलेली असे व चूक १०० मीटरपर्यंत जाई. १ मे २००० रोजी ती त्रुटी काढून टाकण्याचा निर्णय जाहीर झाला आणि साधे उपकरणही मोकळ्या आकाशाखाली दहा मीटरांच्या आसपास अचूकता देऊ लागले.

याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘रेंज नाही, म्हणजे जीपीएस नाही’ असे अनेकजण समजतात. वस्तुतः उपग्रहाचा संकेत मोबाइलच्या मनोऱ्यावर अवलंबून नसतो. रेंज नसताना पहिले स्थान मिळण्यास काही मिनिटे अधिक लागतील, पण ते मिळते. मिळत नाही तो पडद्यावरचा नकाशा. कारण तो इंटरनेटवरून येत असतो. आपल्या मंडलाचा नकाशा घरी असतानाच मोबाइलमध्ये उतरवून ठेवला, तर ही अडचण बरीचशी दूर होते. दाट जंगलात, खोल दरीत आणि पक्क्या छपराखाली मात्र चूक वाढते, हे ध्यानी असावे.

दुसरी गोष्ट आकडे सांगण्याची. औषधाच्या मात्रेत दशांशचिन्ह चुकले तर काय होते, हे डॉक्टरांना सांगावयास नको. अक्षांशाचेही तसेच आहे. १९ अंश ३० मिनिटे म्हणजे दशांश पद्धतीत १९.५० अंश. तेच कोणी १९.३० असे लिहून घेतले, तर ०.२० अंशांचा फरक पडतो. आणि एक अक्षांश सुमारे १११ किमीचा असल्याने रुग्णवाहिका जवळजवळ २२ किमी दक्षिणेस जाऊन उभी राहते! म्हणून आकडे सांगताना पद्धत कोणती, हे आधी सांगावे. दशांशानंतर चार अंक सांगावेत, कारण चौथा अंक सुमारे ११ मीटरांचा असतो. आणि ऐकणाऱ्याकडून ते पुन्हा वदवून घ्यावेत.

जीपीएस आपण कोठे आहोत हे सांगते. मध्ये काय आहे हे नकाशा सांगतो. पडद्यावर रुग्णाचे घर तीन किमीवर दिसते, पण मध्ये पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारा वागू असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर तो नाला, त्यावरील पूल, बैलगाडीची वाट, जंगलाची हद्द, विहीर, देऊळ हे सारे दिसते. जुन्या क्रमांकपद्धतीत आपला परिसर ‘५६ एम’ या विभागात येतो. या नकाशावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किमी. समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र, लांब गेल्या की उतार सौम्य, एवढे कळले तरी रुग्णाला खांद्यावरून आणावयाची वाट निवडता येते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर असे नकाशे सामान्य नागरिकांसाठी खुले होऊ लागले. मात्र नकाशा ज्या वर्षीच्या सर्वेक्षणाचा असेल, त्या वर्षीचेच सत्य तो सांगतो. म्हणून त्यावर छापलेले वर्ष औषधाच्या बाटलीवरील तारखेप्रमाणे आधी पाहावे.

राहिले होकायंत्र. त्याला विद्युत्घट लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण. वापरही कठीण नाही. नकाशावर आपले ठिकाण आणि जावयाचे ठिकाण यांना जोडणाऱ्या रेषेवर होकायंत्राची कड ठेवावी. तबकडी फिरवून तिच्यावरील उत्तर नकाशावरील उत्तरेशी जुळवावी. मग यंत्र हातात आडवे धरून, काटा तबकडीच्या उत्तरेवर येईपर्यंत स्वतः फिरावे. यंत्राचा बाण दाखवील ती आपली वाट. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक आपल्या भागात सुमारे एक अंश किंवा त्याहून कमी आहे. एक अंशाने एक किमीत केवळ १७ मीटरांची चूक होते, तेव्हा त्याची चिंता नको. चिंता करावी ती जवळच्या लोखंडाची. जीपच्या बॉनेटवर ठेवलेले किंवा मोबाइलला चिकटवून धरलेले होकायंत्र खुशाल खोटे बोलते.

नकाशा आणि वैद्यक यांचे नाते जुने आहे. १८५४ मध्ये लंडनच्या पटकीच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरे नकाशावर मांडली आणि संशय एका सार्वजनिक पंपावर स्थिर केला. आपल्या दख्खनचे उदाहरण याहूनही जुने. भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण करणारे विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे निवर्तले. त्यांच्या पथकात हेन्री व्हॉयसी नावाचे शल्यचिकित्सक होते. तेच पथकाचे भूगर्भशास्त्रज्ञही होते. या पथकातील अनेकांना दख्खनच्या जंगलांतील तापाने गाठले. मलेरियाचा डासांशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवून दिला, तो पुढे १८९७ मध्ये. आज आपण ज्या रेषांकडे निष्काळजीपणे पाहतो, त्या माणसांनी प्रकृती पणाला लावून काढलेल्या आहेत.

आणखी एक विचार. दिशांची जाण मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाशी निगडित आहे. तेथील ‘स्थान-पेशीं’च्या संशोधनासाठी जॉन ओकीफ यांना मोझर दांपत्यासह २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सतत जीपीएसवर विसंबणाऱ्यांची स्थानविषयक स्मृती मंदावत असल्याचे निरीक्षण दाहमानी व बोबो या संशोधकांनी २०२० मध्ये मांडले. यावरून घाईने मोठे निष्कर्ष काढू नयेत; तरीही यंत्र पाहण्यापूर्वी क्षणभर स्वतः दिशा ओळखण्याची सवय लावण्यात तोटा नाही.

खरे तर या विद्येचे जाणकार आपल्यातच आहेत. गोंड व कोलाम बांधव, गुराखी आणि आशाताई यांना कोणता नाला किती पावसानंतर ओलांडता येत नाही, हे ठाऊक असते. परगावाहून बदलून आलेल्या डॉक्टरला ते ठाऊक नसते, आणि तो ते शिकेपर्यंत त्याची पुन्हा बदली होते. हे ज्ञान कागदावर उतरले पाहिजे. म्हणून आपल्या संस्थेने एक कार्य हाती घ्यावे, अशी विनंती आहे. पावसाळ्यापूर्वी दोन दिवसांचे शिबिर भरवावे. पहिल्या दिवशी नकाशा व होकायंत्र, दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष जंगलवाटेवर सराव. डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि रुग्णवाहिकेचे चालक यांनी एकत्र बसून प्रत्येक वस्तीची एक नोंद तयार करावी : सर्व भाषांतील नावे, दशांश पद्धतीत अक्षांश-रेखांश, वाहन जेथवर पोहोचते ते ठिकाण, पावसाळी पर्यायी वाट, आणि कोणत्या ऋतूत रुग्णाला दक्षिणेस आसिफाबादकडे न्यावे व कोणत्या ऋतूत उत्तरेस राजुरा-चंद्रपूरकडे. ही नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागावी. त्यात वस्त्या असाव्यात, रुग्णांची घरे नसावीत. आजाराची गुप्तता नकाशावरही पाळली गेली पाहिजे.

यासाठी फार मोठा निधी लागणार नाही. काही होकायंत्रे, काही नकाशे आणि दोन दिवसांचा वेळ, इतकीच गुंतवणूक. येत्या मृगापूर्वी आपल्या प्रत्येक सभासदाने निदान स्वतःच्या दवाखान्याचे अक्षांश-रेखांश पाठ करून, ते दवाखान्याच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहावेत. सुरुवात तेथून व्हावी.