घरची शाळा आणि शेजारचा बाक

मुलीला यंदा शाळेतून काढून घरीच शिकवावयाचे, असे आम्ही ठरविले तेव्हा विहारातील एका ज्येष्ठ आजींनी विचारले, "ज्या शाळेच्या दारासाठी आपल्या पिढ्या झगडल्या, ती तुम्ही आपल्या हाताने सोडता?" त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही.

कायद्याची अडचण नव्हती. इंग्लंड-वेल्ससाठीच्या 1996 च्या शिक्षण कायद्याचे सातवे कलम मुलाला योग्य शिक्षण देण्याची जबाबदारी पालकांवर टाकते. ते शाळेत द्यावे की अन्य मार्गाने, हे त्यांच्यावर सोडते. राष्ट्रीय अभ्यासक्रमही बंधनकारक नाही. खर्च मात्र सारा आपला.

शिकविण्याचे साहित्य तर भोवती विखुरलेले आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये प्रवेश विनामूल्य असून तेथे अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. त्यांतील एक शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. आधीच्या बाजूवर बोधिवृक्ष व त्याखाली रिकामे आसन; तथागतांची आकृती नाही. काही शतकांनी तीच शिळा उलटवून मागे स्तूप कोरला गेला. ती पाहून आल्यावर आम्ही मुलीला म्हटले, नागपूरच्या आजीचे चित्र काढ, पण आजी न काढता. तिने चष्मा, उंबऱ्यापाशी काढलेल्या चपला आणि अर्धवट निवडलेली मेथी काढली. इतिहास, चित्रकला आणि आठवण एकाच कागदावर आली.

आम्ही दोघेही संगणकाच्या व्यवसायातले. त्यामुळे गणित स्क्रॅचवर शिकविले. अशोकचक्राचे 24 आरे काढताना तिने प्रत्येक वळण 14 अंशांचे ठेवले आणि आरे संपले तरी चक्रात फट राहिली. 360 ला 24 ने भागावे, हे तिला त्या फटीने शिकविले. आम्ही गप्प बसलो होतो, हे आमचे एवढेच श्रेय.

तरी आजींचा प्रश्न सुटत नव्हता. रामजी सकपाळ परळच्या चाळीतील एका खोलीत रात्री दोनपर्यंत जागे राहून भीमरावांना अभ्यासाला उठवीत. घर हीच शाळा, असे म्हणावयास हे उदाहरण सोयीचे खरे. पण तोच मुलगा दिवसा एल्फिन्स्टन हायस्कुलात जात होता. त्याआधी साताऱ्याच्या शाळेत तो गोणपाटावर वेगळा बसला होता, शिपाई नसला की तहानलेला राहिला होता. लढा केवळ धड्यांसाठी असता, तर लष्करी शाळेत शिकविलेला बाप घरी होताच. लढा शेजारच्या बाकासाठीही होता.

घरच्या शाळेत नेमका तो बाक नाही. मुलीशी भांडणारे, तिच्या डब्यात डोकावणारे, तिचे नाव चुकवून पुन्हा विचारणारे कोणी नाही. म्हणून आमचे मत असे, की घरी शिकविणाऱ्यांनी निम्मे तरी उपक्रम परक्या मुलांबरोबर करावेत. केवळ विहारातील मुलांबरोबर केले तर आपलीच एक बंद वस्ती होईल.

आता दर गुरुवारी आम्ही वाचनालयात इतर कुटुंबांबरोबर बसतो. पहिल्याच गुरुवारी एका मुलाने तिच्या चक्राला सायकलचे चाक म्हटले, ती रुसली. पुढच्या आठवड्यात त्यालाही घेऊन किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरी जावयाचे आहे. 1921-22 मध्ये तेथे कोण राहत होते, असे त्याने विचारले आहे, आणि त्याला काय सांगावे हे ती दोन दिवसांपासून लिहून खोडते आहे.