पडद्याआधी दरवाजा

दसरा जवळ आला की कार डेकोरच्या दुकानांपुढे झेंडूचे हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. मधलं मॉडेल घेतलेलं गिऱ्हाईक पंधरा हजारांचं बजेट सांगतं आणि पहिलं बोट ठेवतं ते नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीनवर. दुकानदार ती काढून देतो, वर ‘फिटिंग फ्री’ म्हणतो. तासाभरात गाडी रस्त्यावर. डॅशबोर्ड झगमगतो, पण दरवाज्यांतले स्पीकर तेच असतात, कागदी कोनाचे आणि नखाएवढ्या चुंबकाचे. पुढच्याच महिन्यात तीच गाडी ‘बेस नाही, आवाज फाटतो’ अशी तक्रार घेऊन परत येते आणि डिकीत एक बेस ट्यूब घेऊन जाते. आता डिकीही वाजते आणि नंबर प्लेटही.

पैसे गिऱ्हाइकाचे, हौस त्याची, हे खरं. पण सल्ला दुकानाचा असतो.

स्क्रीनच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असं छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत मिळतात साधारण १४.४ व्होल्ट. स्टिरिओच्या आतली ब्रिज पद्धतीची आयसी ४ ओमच्या स्पीकरला फार तर तेवढेच व्होल्ट देऊ शकते. १४.४ चा वर्ग भागिले ४ केलं की उत्तर येतं ५२ वॅट. मात्र हे उत्तर लाट पूर्ण चौकोनी झाल्यावरचं, म्हणजे आवाज पूर्ण फाटल्यावरचं. स्वच्छ आवाजात ते थेट निम्म्यावर येतं आणि आयसीत वाया जाणारे व्होल्ट वजा केले की हातात उरतात १८ ते २२ वॅट. कंपनीच्या साध्या स्टिरिओतही जवळपास एवढेच असतात. म्हणजे स्क्रीन बदलून मॅप मिळतो, कॅमेरा मिळतो, यूट्यूब मिळतं. ताकद मात्र मिळत नाही.

ताकद फुकटात मिळते ती स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीतून. खोक्यावरचा हा डेसिबलचा आकडा गिऱ्हाईक कधी विचारत नाही आणि दुकानदारही आपणहून सांगत नाही. ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅट. ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजेल, तेवढा वाजायला ८९ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतील. स्टिरिओ कंपनीचाच ठेवायचा असेल तर ‘३०० वॅट मॅक्स’वर भुलण्यापेक्षा हा आकडा पाहून माल निवडणं शहाणपणाचं.

तरीही निम्मं काम स्पीकरमध्ये नसतंच, ते दरवाज्यात असतं. डोअर पॅड उतरवलं की आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं दिसतात, त्यांच्यावर नुसता प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. कोन पुढे येतो तेव्हा त्याच्या पाठीमागे नेमकी उलटी लाट तयार होते. ती या भोकांतून पुढे झिरपते आणि समोरचा बेस खाऊन टाकते. नवा महागडा स्पीकर त्याच भोकाळ दरवाज्यात बसवला की गिऱ्हाईक म्हणतं, ‘जुनाच बरा होता.’ त्याचं फारसं चुकत नाही.

उपाय कष्टाचा आहे, खर्चाचा नाही. बाहेरच्या पत्र्याच्या मधल्या सपाट भागाला ब्युटाइलची फॉइलवाली शीट, चांगली रोलर फिरवून. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही. आतली भोकं बंद. स्पीकरखाली स्पेसर, पण एमडीएफचा नको, तो एका पावसाळ्यात पुरीसारखा फुगतो. काचेच्या पट्टीतून दरवाज्यात पाणी उतरणारच, गाडी तशीच बनवलेली असते. म्हणून खालची ड्रेनची भोकं मोकळी हवीत आणि पाणी अडवणारा तो कागद फाडून फेकायचा नाही. स्वस्त डांबरी शीट मे महिन्यात वास सोडते आणि खाली ओघळते. काच पूर्ण खाली घेऊन चुंबकाला लागत नाही ना, हे पॅड बसवण्याआधी बघायचं. नंतर बघणारेही आहेत! शेवटी दीड व्होल्टचा सेल वायरीला टेकवून चारही कोन एकाच दिशेला हलतात का ते तपासायचं. एका बाजूची वायर उलटी लागली की बेस गायब होतो आणि दोष ब्रँडवर जातो.

ट्वीटर ए-पिलरवर ठोकण्याची जुनी सवय आता सोडायला हवी. सहा एअरबॅगच्या गाड्या वाढल्या आहेत, कर्टन एअरबॅग त्याच बाजूने उघडते. आरशामागचा तिकोना बरा.

ज्या गाड्यांत कंपनीनेच मेहनत घेतली आहे तिथे तर स्क्रीनला हात लावायचंच कारण नाही. २०१६ च्या टियागोत टाटांनी हरमनची सिस्टिम दिली, २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे १२ स्पीकर आले. आता तर एसी, कॅमेरा, गाडीचं सेटिंग सगळं त्याच पडद्यात असतं. अशा ठिकाणी स्पीकर-लेव्हल इनपुट असलेला छोटा फोर-चॅनल अँप कपलरने जोडावा, कंपनीची एकही वायर न कापता. स्पीकर बदलण्याआधी मल्टिमीटरने ओम मोजावेत. वेगळा अँप असलेल्या सिस्टिममध्ये ते २ ओमचेही निघतात.

अँप आला की वायर आली. बाजारात ‘कॉपर’ म्हणून विकली जाणारी बरीच वायर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असते. ती वापरायचीच तर एक साइज जाड घ्यावी. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज, फायरवॉलमध्ये रबरी ग्रोमेट. यात काटकसर करून वाचतात दोन-तीनशे रुपये आणि पणाला लागते गाडी. अँपचा गेन कानाने लावू नये. अँपचे खरे ५० वॅट आणि ४ ओमचा स्पीकर यांचा हिशेब १४.१ व्होल्टवर येतो. १ किलोहर्ट्झचा टोन लावून, स्पीकर काढून, मीटरवर तेवढे व्होल्ट आले की हात थांबवायचा.

हे सगळं नीट करायला पुढच्या दोन दरवाज्यांमागे अर्धा दिवस जातो. ‘फिटिंग फ्री’मध्ये अर्धा दिवस कोण देणार? मजुरी मालाच्या नफ्यातून काढायची ठरली की फिटरला वेळेत गाडी सोडावीच लागते आणि दुकानदाराला महागाचं खोकं विकावंच लागतं. मालाचे भाव आज गिऱ्हाईक दुकानात उभ्याउभ्या मोबाइलवर पडताळतं, त्या नफ्यात तसाही फार दम राहिलेला नाही. डॅम्पिंग, वायरिंग आणि ट्युनिंग यांची मजुरी बिलावर वेगळी लिहायला काही दुकानांनी सुरुवात केली आहे, सुरुवातीला घासाघीस होते, पण काम टिकतं. पंधरा हजारांच्या बजेटमध्ये पुढचे कंपोनंट स्पीकर, दोन दरवाज्यांचं डॅम्पिंग, छोटा अँप आणि रीतसर मजुरी जमते. मागचे ओव्हल, सबवूफर, स्क्रीन पुढच्या दिवाळीला.

या दसऱ्याच्या गर्दीआधी प्रत्येक दुकानाने एक जोडी डेमो म्हणून लावावी: एकसारखे दोन स्पीकर, एक नुसत्या भोकाळ पत्र्यात, दुसरा डॅम्पिंग केलेल्या दरवाज्यात. भंगारातून दोन दरवाजे आणायला फार खर्च येत नाही. मजुरीचा दर त्याच दोन दरवाज्यांच्या मधोमध टांगावा.