पहाडीच्या जागी

पोस्टिंगची ऑर्डर आली की आमच्या घरात पहिला वाद कॅसेटच्या ट्रंकेवरून होतो. यंदाही झाला. सिकंदराबाद सोडायचं, पुढची जागा बहुधा पेन्शनआधीची शेवटची, आणि क्वार्टर दोन खोल्यांचं. मुलगा म्हणाला, “पप्पा, हे सगळं फोनवर आहे. मग हे लोखंड कशाला वाहायचं?” त्याची आई काही बोलली नाही, पण ट्रंकेवर टाकलेला पडदा काढून तिनं धुवायला नेला. म्हणजे निकाल लागलाच होता.

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. रोज संध्याकाळी रोल कॉल आटोपून आलो की एक-दोन अल्बम ऐकायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही बाजू, मधलं काही न गाळता. मग ठरवायचं काय ठेवायचं.

आधी कबूल करतो, कॅसेटचं कौतुक करण्यासारखं फार काही नसतं. आसाममधल्या दोन पावसाळ्यांनी माझ्या निम्म्या संग्रहावर पांढरी बुरशी चढवली. भीमसेनजींच्या ‘अभंगवाणी’तून अभंगापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. काहींच्या आतला फेल्टचा तुकडा गळून पडलाय, त्या मुक्याच झाल्यात. अशा तीसेक कॅसेट मी पहिल्या दोन दिवसांत बाजूला काढल्या, वाईट वाटलं नाही. आणि काही अल्बम मुळातच एका गाण्यासाठी घेतलेले होते. 1995 च्या ‘मेड इन इंडिया’वर आमची सगळी बॅरक नाचली होती; आज दुसरी बाजू लावली आणि मधेच चहा टाकायला उठलो.

तरीही माझं म्हणणं आहे की अल्बम सलगच ऐकावा. फोन आपल्याला आवडेल तेच पुढे करतो. कॅसेटमध्ये आवडीच्या गाण्यापर्यंत पोचायला नावडीच्या दोन गाण्यांतून चालत जावं लागायचं. चौकीवर तर पुढे ढकलायचीही सोय नसायची, कारण त्यात सेल खर्च व्हायचे. थंडीत सेल लवकर मरतात. आम्ही ते रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचो, तरी सकाळपर्यंत लताबाईंचा आवाज जाड आणि संथ झालेला असायचा. तेव्हा जे लागेल ते ऐकायचं, आणि जे न मागता कानावर पडलं तेच पुढे टिकलं.

‘इंडियन ओशन’चा ‘कंदीसा’ हा 2000 सालचा अल्बम मी दिल्लीत ट्रान्झिटमध्ये घेतला तो ‘मा रेवा’ ऐकून, नर्मदेचं गाणं म्हणून. शीर्षकगीताचं मला काडीचंही कळत नव्हतं. एकदा ते वाजत असताना कोट्टयमचा एक नाईक हातातली ताटली खाली ठेवून उभा राहिला. ती सिरियाक भाषेतली प्रार्थना आहे, आजोबा चर्चमध्ये म्हणायचे, असं त्यानं सांगितलं. ड्रम आणि गिटारवर आजोबांची प्रार्थना ऐकून त्याला राग आला की आनंद झाला, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यानं दोनदा परत लावायला लावली. हा अल्बम ठेवला.

आता ज्या कॅसेटसाठी हे लिहायला बसलो ती. ‘कॉल ऑफ द व्हॅली’, मूळ रेकॉर्ड 1967 ची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, आणि तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस त्यात मांडलाय. पहाटे अहिर भैरव, मग नट भैरव, दुपारचा पिलू, तिन्हीसांजेचा भूप, रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी. इथं क्रम म्हणजेच गोष्ट. फोनवर हे तुकडे मागेपुढे झाले की मेंढपाळ रात्री उठतो आणि सकाळी झोपतो.

बेळगावला ट्रेनिंग संपलं, काश्मीरची पोस्टिंग लागली, तेव्हा मी ती विकत घेतली. दुकानदार म्हणाला, “काश्मीरचंच आहे, घेऊन जा.” शास्त्रीय संगीताशी माझा संबंध रेडिओपुरता. पण पुढचे दोन महिने मी डोळे मिटून तो मेंढपाळ पाहिला.

मग खरे मेंढपाळ पाहिले. बकरवाल. वसंतात वरच्या ढोकांकडे चाललेले, घोड्यावर भांडी, गोधड्या आणि त्यात गुंडाळलेलं पोर. आमच्या नाक्यावर ते ओळखपत्र हातात घेऊनच उभे राहायचे. म्हाताऱ्या माणसाला फिरन वर करायला सांगताना माझी जीभ अडखळायची, पण सांगायचो. त्यानंतर ती कॅसेट मला ऐकवेना. यात नाका कुठं आहे, असं वाटायचं. खोटं काश्मीर विकलंय आपल्याला, असं मी त्या वयात सगळ्यांना ऐकवायचो.

डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि आमच्या रजा रद्द झाल्या. आईला वाचता येत नव्हतं. पत्र शेजारची पोरगी वाचून दाखवायची, मग ते अख्ख्या आळीचं व्हायचं. म्हणून आवाज पाठवायचं ठरवलं, पण कोरी कॅसेट कुठून आणायची? मग सगळ्यात नकोशी झालेली हीच काढली. वरच्या कडेला मोडलेली चिप असते, त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की कुठल्याही कॅसेटवर रेकॉर्ड होतं. देस संपला त्या जागी लाल बटण दाबलं आणि पहाडी पुसून मी बोललो. 56 एपीओच्या डाकेनं ती साताऱ्याकडे गेली.

आई गेल्यावर तिच्या पत्र्याच्या डब्यात ती मला परत मिळाली. लावायचा धीर झाला नव्हता. परवा, सातव्या दिवशी, लावली.

देस संपतो, खट्ट आवाज येतो, आणि बावीस वर्षांचा एक पोरगा बोलायला लागतो. आई, इथं थंडी फार नाही. जेवण गरम मिळतं. डोंगर एवढे देखणे आहेत की तू बघायला पाहिजेस. काळजीचं काही नाही, होळीला येतो. होळीला मी गेलो नाही, दसऱ्याला गेलो. त्या आठवड्यात आमची पाण्याची पाइप गोठली होती, आणि दुसरं जे घडलं होतं ते मी आजही इथं लिहिणार नाही. त्या सगळ्या बोलण्यात नाका नाही.

ऐकता ऐकता माझाच मला राग आला आणि हसूही आलं. मी त्या तिघांना ज्यासाठी नावं ठेवत होतो, तेच मी त्याच फितीवर, त्यांच्या शेजारी बसून केलं होतं. घरी पाठवताना माणूस डोंगर पाठवतो. शिवकुमारजी तर जम्मूचेच, त्यांना काय माहीत नव्हतं?

आणखी एक. आईला फीत पुढे ढकलायची भीती वाटायची, तुटली तर? त्यामुळे माझ्यापर्यंत पोचायला ती दर वेळी भूप आणि देस पूर्ण ऐकायची. किती वर्षं, कोण जाणे. एकदा रजेवर असताना आकाशवाणीवर कुणीतरी बासरीवर देस वाजवत होतं. आई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, “आता दादा बोलंल बघ.” मी समोरच बसलो होतो. मला वाटलं, वय झालं.

मुलाला फोनवर पूर्ण अल्बम लावून दिला. नंतरच्या सीडीत शेवटी जोडलेले जादा तुकडे काढून टाकायला सांगितलं. मेंढपाळाचा दिवस पहाडीवर संपतो, त्यापुढे ओव्हरटाइम नको. तीसेक कॅसेट भंगारात गेल्या. ट्रंकेवर नव्या जागेचा पत्ता पांढऱ्या रंगात घातलाय, अजून ओला आहे, म्हणून पडदा टाकलेला नाही.