थेंबाची चाहूल

दिवाळी अंकासाठी मजकूर पाठवा असा संपादकांचा निरोप आला, की जुन्नरात राहणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाकडून काय अपेक्षा असते, हे वाचकांना मी सांगायला नको. शिवनेरी, नाणेघाटातला शिलालेख, नाहीच तर लेण्याद्री. या तिन्हींवर माझे लिहून झाले आहे आणि तुमचे सोसून झाले आहे. तेव्हा यंदा शर्टाच्या गुंडीएवढ्या एका वस्तूविषयी लिहितो.

पाण्याखाली फोटो काढायचा तर कॅमेरा एका घट्ट पेटीत घालावा लागतो. या पेटीला ‘हाउसिंग’ म्हणतात. तिच्या तळाशी ही गुंडी चिकटवलेली असते. तिचे नाव ‘लीक डिटेक्टर’. आत पाणी शिरले की ती शीळ घालते किंवा तांबडा दिवा लुकलुकवते. माझा एक जुना विद्यार्थी हल्ली नारायणगावात लग्नांचे फोटो काढतो. तारकर्लीला समुद्रात बुड्या मारणाऱ्या पर्यटकांचे फोटो काढण्याचा जोडधंदा करावा, म्हणून त्याने ही पेटी घेतली. लग्नातली माणसे बुडताना आपण फोटो काढतोच, आता हौसेने बुडणाऱ्यांचे काढू, असे तो म्हणतो. (त्याचे स्वतःचे लग्न अजून व्हायचे आहे.)

पेटीचे सारे शहाणपण एका रबरी कड्यात असते. झाकण आणि पेटी यांच्या खाचेत बसणारे हे कडे म्हणजे ओ-रिंग. त्याला सिलिकॉनचे ग्रीस पुसटसे लावायचे; कारण ते चिकटवण्यासाठी नसते, कडे सुखाने सरकावे एवढ्यासाठीच असते. आणि बसवताना त्यावर वाळूचा कण नको, केस नको, धागा नको. हे कडे किती मानाचे आहे ते जगाला १९८६ साली कळले. चॅलेंजर अवकाशयानाचा नाश झाला, तो थंडीने कडक झालेल्या असल्याच एका कड्यामुळे. आणि फाइनमन या शास्त्रज्ञाने ते चौकशी समितीपुढे बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात रबराचा तुकडा बुडवून दाखवले.

दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. तीनशे चौरस सेंटिमीटरचे झाकण धरले, तर दहा मीटरांवर त्यावर सुमारे तीनशे किलोचा भार येतो. हे ऐकून छाती दडपते; पण गंमत अशी, की पुष्कळ पेट्या उथळ पाण्यातच गळतात. खोलवरचा दाब झाकण कड्यावर आवळून बसवतो. वरच्या हातभर पाण्यात तो आधार नसतो. १८९३ साली लुई बूताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात पाण्याखाली फोटो काढले, तेव्हा त्याने पेटीला हवेने भरलेला रबरी फुगा जोडला होता. खाली जाताना फुगा दबे, त्यातली हवा पेटीत शिरे आणि आतला दाब बाहेरच्याइतका होई. पाण्याशी भांडण्यापेक्षा त्याच्याशी तह करण्याची ही रीत मला फार आवडते.

खरे तर गळती आणि आपले लोक यांचे जुने सूत आहे. घटिकापात्र म्हणजे तरी काय? तळाला बारीक भोक असलेली वाटी. ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. चोवीस मिनिटांत ती भरून बुडाली, की एक घटका झाली. तिच्यावर आपली लग्ने लागली, आणि ‘घटका भरली’ हा शब्द आपण माणसाच्या मरणालाही लावला. कॅमेऱ्याच्या पेटीला असे भोक पडले, तर घटका कॅमेऱ्याची भरते.

आता त्या गुंडीकडे येतो. तिच्यात चमत्कार काही नाही. दोन उघड्या तारा एकमेकींजवळ, पण न चिकटता ठेवलेल्या. मध्ये पाणी आले की मंडल पुरे होते आणि शीळ वाजते. समुद्राचे पाणी खारट, त्यातून वीज सहज वाहते. गोड्या पाण्यातून ती फार कमी वाहते. म्हणून आळशी गुंडी समुद्रात कर्तव्यदक्ष आणि धरणात झोपाळू निघू शकते. ज्या पाण्यात पेटी सोडायची, त्याच पाण्याने बोट ओले करून तारांना लावावे आणि ती ओरडते का पाहावे. उलट, दमट हवा आत कोंडून पेटी गार पाण्यात सोडली, तर काचेवर दव धरते आणि गुंडी उगाच गळा काढते.

पण तिचा मोठा दोष निराळाच. ती सांगते ते पाणी आत आल्यावर. म्हणून आता तिच्या जोडीला हवा उपसण्याची युक्ती करतात. पेटी बंद करून छोट्या पंपाने आतली थोडी हवा काढायची. दाब मोजणारा दिवा हिरवा होतो. मग अर्धा तास थांबायचे. दिवा हिरवाच राहिला तर पेटी धड. बाहेरची हवा हळूहळू आत गेली तर दिवा तांबडा. पाणी शिरेल त्या वाटेने हवा आधी शिरते, आणि तीही कोरड्या जमिनीवर, कॅमेऱ्याचे काही न बिघडवता. शिवाय आतला दाब एक-पंचमांशाने कमी केला, तरी त्या झाकणावर बाहेरची हवा साठ किलोंनी बसते. उथळ पाण्यात हवा असलेला आधार आयताच मिळतो.

हे सगळे मी घोडेगावच्या एका अंगणात, चटईवर बसून शिकलो. आमच्या शेजारच्या तालुक्याची गोष्ट मोठी विलक्षण आहे. त्याचे नाव आंबेगाव. पण ज्या गावावरून हे नाव आले ते जुने आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाखाली गेले, आणि तालुक्याची कचेरी आहे घोडेगावात. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाची देवळे वर येतात आणि लोक पाहायला जातात. त्या गावात सून म्हणून आलेल्या एक आजी माझ्या विद्यार्थ्याच्या नात्यातल्या. त्यांनी त्याला विचारले होते, ‘‘उन्हाळ्यातलं गाव म्या बघितलंय. बाकीचं धा म्हयनं ते पाण्यात कसं ऱ्हातं, ते तुझ्या पेटीत दिसंल का?’’

रीतसर परवानगी काढून, फेब्रुवारीत, गाळ खाली बसल्यावर आम्ही गेलो. बुडी कुणी मारायची नव्हती. पेटीला खाली वजन बांधून ती होडीतून दोरीने सोडायची. म्हणजे शीळ वाजली तरी ती ऐकायला खाली फक्त मासे. अर्थात सारी भिस्त त्या हिरव्या दिव्यावर.

आजींच्या अंगणात त्याने पंप मारला. दिवा हिरवा. पहिला चहा झाला. दुसरा येईपर्यंत दिवा तांबडा. होडीवाला खोळंबलेला, ऊन चढत होते. विद्यार्थी म्हणाला, ‘‘सर, देवळापाशी पाणी पाच-सहा मीटरच आहे. एवढ्यात काय होतंय?’’ उथळपणाचा त्याचा हा हिशेब नेमका उलटा होता, ते मी त्याला समजावत होतो, तोच आजी म्हणाल्या, ‘‘पाझरतंय का ते?’’

‘‘थोडंसं, आजी.’’

‘‘मग आज नको. गळतं भांडं आडात सोडीत न्हाईत. देऊळ कुठं जातंय का?’’

झाकण उघडले. पुसायच्या फडक्याचा एक धागा कड्यावर आडवा पडला होता. भिंगातून पाहिला तेव्हा दिसला. तो काढला, कडे पुसले, पुन्हा पंप मारला. दिवा संध्याकाळपर्यंत हिरवा राहिला आणि होडी मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या वेळात आजींनी ओले बोट लावून गुंडी तीनदा वाजवून पाहिली. ‘‘लई रडकं हाय’’, हा त्यांचा अभिप्राय.

चित्रफीत चार मिनिटांची. आधी नुसते हिरवे, त्यात पिठासारखे तरंगणारे गाळाचे कण. मग दगडाची एक कड, तिच्याखाली दुसरी, पायऱ्या. एक बोटभर मासा अंगठ्याएवढ्या सावलीसकट त्यांच्यावरून गेला. आजींनी तिथे थांबवायला लावले. ‘‘हितं वहाणा काढायच्या’’, त्या म्हणाल्या. पुन्हा लावायला सांगितले. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर पदराने पडदा पुसून त्यांनी तो यंत्राचा डबा परत दिला, आणि होडीवाल्याने किती घेतले ते विचारले. आकडा ऐकून म्हणाल्या, ‘‘लई घेतलं मेल्यानं. आम्ही चालत जायचो.’’