उपपत्ती हरवलेले गणित

गिरगावातील खोताच्या वाडीत दहावीचा निकाल लागला की लाकडी जिन्यांच्या जुन्या घरांत आणि भोवतालच्या नव्या इमारतींत चर्चा एकच असते. मुलाला गणितात उत्तम गुण असतील तर त्याने अभियंता व्हावे, संगणक शिकावा. त्याच मुलाने तत्त्वज्ञान शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, तर घरावर संकट कोसळल्याचा आविर्भाव! ‘तत्त्वज्ञानाने पोट भरणार आहे काय?’ हा प्रश्न बिनतोड समजला जातो. वस्तुतः तो आत्मविस्मृतीचा पुरावा आहे.

या वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा उभा आहे. १९२० मध्ये तेथेच त्यांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. त्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते की, टिळक हे डेक्कन कॉलेजात केरूनाना छत्रे यांच्या हाताखाली तयार झालेले गणिताचे पदवीधर होते? १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये त्यांनी संपातचलनाच्या गणिताने वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त संन्यासपर पूर्वपक्ष मांडून, त्याचे खंडन करून कर्मयोगाचा सिद्धांत प्रस्थापित केला. विषय भिन्न, शिस्त एकच. गृहीत काय ते स्पष्ट सांगावे आणि मधली पायरी गाळू नये.

या शिस्तीला आपल्या परंपरेत ‘उपपत्ती’ हे नाव आहे. उपपत्ती न जाणणाऱ्या गणकाला विद्वत्सभेत प्रतिष्ठा नाही, असे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच बजावले. शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी ‘खहर’ म्हटले आणि तिच्या अविकारीपणाला उपमा दिली ती अच्युताची! शून्याने भागणे आजचे गणित मान्य करीत नाही. परंतु अनंतात भर घातल्याने काय घडते, हा प्रश्न गणिताचा की तत्त्वज्ञानाचा? भास्कराचार्यांना असे कुंपण ठाऊकच नव्हते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापन केला. त्याची साक्ष देणारा चाळीसगावजवळील पाटणचा शिलालेख मुंबईच्याच डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

आज त्या वारशाचे आपण काय करीत आहोत? शून्याचा अभिमान सभांतून मिरवायचा, ‘वैदिक गणित’ म्हणून झटपट गुणाकाराच्या क्लृप्त्या मुलांकडून घोटून घ्यायच्या आणि त्या का चालतात, हे मात्र विचारू द्यायचे नाही! हा परंपरेचा सन्मान नव्हे, विडंबन आहे. दोष केवळ मेकॉलेच्या माथी मारून चालणार नाही.

राहिला पोटाचा प्रश्न. गणितातील कोणतेही विधान सिद्ध होईल की नाही, हे ठरविणारी यांत्रिक रीत असू शकते काय, असे हिल्बर्टने १९२८ मध्ये विचारले. ‘सिद्धता म्हणजे काय?’ या तत्त्वचिंतनातून उपजलेला हा प्रश्न. १९३६ मध्ये ट्युरिंगने अशी रीत नसल्याचे दाखविले. आणि ते दाखविण्यासाठी जे काल्पनिक यंत्र रचले, त्यातच आजच्या संगणकाची मूळ कल्पना आहे. ज्या संगणकावर गिरगावचा बाप मुलाचे भवितव्य तोलतो, तो ‘निरुपयोगी’ तत्त्वज्ञानाचाच नातू आहे.

गणिताचा धाक नसलेले तत्त्वज्ञान शब्दांचा पसारा होते आणि ‘का?’ विसरलेले गणित निव्वळ हिशेब. हिशेब यंत्रेही करतात. विचार करणारी पिढी हवी असेल, तर ‘का?’ विचारणाऱ्या मुलाला गप्प बसविणे आधी थांबवावे लागेल. भास्कराचार्यांचे आणि टिळकांचे खरे स्मारक तेच ठरेल.