उद्याच कशाला हवंय?

चांदवडकरहो,

आपल्या भागातली द्राक्षं न्हावाशेवा बंदरातून जहाजानं रॉटरडॅमला जातात. कित्येक आठवडे थंडगार कंटेनरात काढतात आणि तरीही तिकडच्या दुकानांत दिमाखात मांडली जातात. नासणारी द्राक्षं महिनाभर दम धरतात. मग कधीच न नासणारं मोबाइलचं कव्हर दिल्लीहून विमानानं उद्याच्या उद्या कशाला हवंय?

हिशेब मांडू. एक टन माल एक किलोमीटर न्यायला भरलेला मोठा ट्रक ढोबळमानानं १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. विमान त्याच्या दसपट, कधी त्याहूनही जास्त. दिल्ली ते चांदवड रस्त्यानं सुमारे १२०० किलोमीटर. किलोभर पार्सलच्या वाट्याला ट्रकनं आलं तर साधारण १२० ग्रॅम येतात, विमानानं आलं तर किलोच्या आसपास. म्हणजे जेवढं सामान, जवळपास तेवढाच कार्बन! विमानामागे आभाळात उमटणाऱ्या पांढऱ्या रेघाही उष्णता अडवतात, ती यात धरलेलीच नाही.

बरं, विमान काही रेणुकामातेच्या डोंगरावर उतरत नाही. मुंबईला उतरलेलं पार्सल कसारा घाट चढून गाडीनंच यायचं. उलट आग्रा रोडनं उत्तरेकडून येणारे ट्रक राहूड घाटातून थेट आपल्या दारावरून जातात. त्यांतलं आपलं पार्सल मात्र पुढं नाशिक-भिवंडीच्या गोदामापर्यंत जाऊन पुन्हा मागं येत असेल, तर त्या उलट्या फेरीचं डिझेल कुणाच्या नावावर लिहायचं?

ट्रकवाल्यांची वकिली करायला हे पत्रक काढलेलं नाही. अर्धा रिकामा धावणारा ट्रक काही धुतल्या तांदळासारखा नसतो. आणि दोष फक्त कंपन्यांचाही नाही. दहा किलोमीटरवरच्या वस्तीवर एकाच पार्सलसाठी मोटरसायकल गेली-आली की ५० चं अ‍ॅव्हरेज धरूनही ४०० मिली पेट्रोल जळतं, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. दिल्लीहून ट्रकनं येताना सुटला त्याच्या सातपट! वर आपण फोन उचलत नाही, नाहीतर ‘पैसे सुट्टे नाहीत, उद्या या’ म्हणतो. डिलिव्हरीचा पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. कॅश ऑन डिलिव्हरीचा बूट पायात बसला नाही की तोही आला तसा परत दिल्लीला.

रेल्वे तर आपल्या उशाशी आहे. मनमाड जंक्शन पंचवीसेक किलोमीटरवर, लाइन विजेची, आणि टनामागचा कार्बन ट्रकच्या तुलनेत कितीतरी कमी. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल देवळालीहून दानापूरला निघाली, तीही मनमाडवरूनच. भाजीपाला आणि फळं रेल्वेनं बिहार गाठू शकली, तर बूट-साड्या दिल्लीहून मनमाडला का उतरू नयेत?

औषध, लस, कुणाचा जीव अडलेला असेल ते खुशाल विमानानं आणा. त्यावर आमचं काही म्हणणं नाही.

बाकीच्या सामानासाठी कंपन्यांकडे मागणी अशी: पार्सल विमानानं आलं की रेल्वेनं की रस्त्यानं, ते खोक्यावर मराठीत छापा. ‘उद्याच हवं’ म्हणणाऱ्याकडून त्याचं वेगळं भाडं घ्या, ‘फ्री’च्या नावाखाली ते सगळ्यांच्या माथी मारू नका. गावोगावच्या किराणा दुकानात पार्सल ठेवायची सोय करा, म्हणजे वस्तीवरचा माणूस बाजाराला येईल तेव्हा घेऊन जाईल. आणि चांदवडचा माल चांदवडलाच उतरवा.