टीएसएच ६.२ आला म्हणून आयुष्यभराची गोळी?

माझं मेडिकल आहे, त्यामुळे खाली जे लिहितोय ते सरळसरळ माझ्याच गल्ल्याच्या विरोधात जातं. तरी लिहितो. कारण दर शिबिरानंतरच्या आठवड्यात काउंटरवर तेच दृश्य असतं. हातात रिपोर्ट, त्यात एक आकडा ठळक अक्षरात, आणि चेहरा पडलेला. "मला थायरॉइड निघालाय."

आधी हा आकडा काय आहे ते पाहू. टीएसएच हे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन नाही. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला 'काम कर' म्हणून जो निरोप पाठवते, तो टीएसएच. खरं हार्मोन म्हणजे टी-फोर. टी-फोर कमी आणि टीएसएच भरपूर वाढलेला असेल तर तो खरा आजार, तिथे गोळी हवीच, आणि ती गोळी त्या माणसासाठी वरदान आहे. पण शिबिरात सापडणाऱ्या बहुतेकांचा टी-फोर व्यवस्थित असतो, फक्त टीएसएच थोडा वर, पाच, सहा, सात. याला सौम्य किंवा सबक्लिनिकल कमतरता म्हणतात. देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ८ टक्के निघालं. म्हणजे बारा-तेरा माणसांमागे एक. भरलेल्या एसटीत चारेक जण सापडतील!

आता मुद्दा असा, की या लोकांना गोळी देऊन फायदा होतो का? यावर मत मांडत बसायची गरज नाही, कारण ते तपासून झालंय. युरोपातल्या चार देशांत ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांना घेऊन एक प्रयोग झाला, नाव 'ट्रस्ट', निकाल २०१७ साली आला. निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिनची खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. कोणाला कुठली, हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. खोट्या गोळीचा डोसही अधूनमधून बदलल्याचं नाटक केलं, इतकी काळजी घेतली. वर्षभराने रिपोर्टमधला आकडा खऱ्या गोळीवाल्यांचा छान खाली आला. पण थकवा आणि थायरॉइडची म्हणून जी लक्षणं सांगतात, त्यात दोन्ही गटांत फरक शून्याच्या आसपास. कागद सुधारला, माणूस होता तसाच.

त्यानंतर २०१९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांच्या गटाने, त्यात पेशंटही होते, तोवरचे २१ प्रयोग एकत्र पाहून स्पष्ट शिफारस केली: अशा प्रौढांना सरसकट गोळी देऊ नका. अपवादही सांगितले. गर्भधारणेसाठी प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया, टीएसएच २० च्या वर असलेले, लक्षणं फार तीव्र असलेले आणि अगदी तरुण माणसं, यांचा विचार वेगळा. आपल्याकडे टीएसएच दहाच्या वर गेला की बरेच डॉक्टर गोळी देतात, त्यालाही कारणं आहेत. माझा वाद दहाच्या खालच्या, एकदाच तपासलेल्या रिपोर्टशी आहे.

एकदाच, हा शब्द महत्त्वाचा. टीएसएच दिवसभरात वरखाली होतो, आजारपणातून उठल्यावर वाढतो, वयानुसारही वाढतो. रिपोर्टवरची मर्यादा मात्र पंचविशीच्या पोरीला आणि ऐंशीच्या आजोबांना एकच छापलेली. इस्रायलमधल्या एका मोठ्या अभ्यासात साडेपाच ते दहाच्या मधले जे लोक होते, त्यांच्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त जणांचा आकडा पुढच्या तपासणीत आपोआप नॉर्मल आला. दोन-तीन महिने थांबून पुन्हा तपासलं असतं तर? पण एकदा बाटली घरी गेली की आकडा उतरल्याचं श्रेय गोळीलाच जातं.

"गोळी तर स्वस्तच आहे, घेतली तर बिघडतं काय?" असं मला रोज विचारतात. रोज उपाशीपोटी घ्यायची, चहा नंतर, कॅल्शियम-लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर, दर सहा महिन्यांनी तपासणी. डोस जास्त झाला तर म्हाताऱ्या माणसाचे हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शोध थांबतो. बाई थकलेली असते कारण हिमोग्लोबिन कमी असतं, बी-१२ कमी असतं, झोप पुरत नाही, घरातलं कोणीच कामाला हात लावत नाही. पण आता उत्तर मिळालेलं असतं, थायरॉइड! लग्नाच्या मुलींचं तर विचारू नका. ५.८ चा एक रिपोर्ट, आणि स्थळाकडे सांगायचं की लपवायचं यावर घरात बैठका.

हे वाचून कोणी चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हात जोडून सांगतो. ऑपरेशन झालंय, गरोदरपण आहे, टीएसएच खूप वाढलेला होता, अशांना ती लागतेच. डॉक्टरांना एवढंच विचारा, "पुन्हा तपासून बघू का? टी-फोर किती आहे?" चांगला डॉक्टर चिडत नाही.

दुसरीकडे, जिथे टीएसएच खरंच आयुष्य वाचवतो तिथे आपण गप्प. आपल्या देशात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एक बाळ थायरॉइडच्या जन्मजात कमतरतेचं असतं. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते पहिल्या आठवड्यात कळू शकतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते पोर इतरांसारखं शाळेत जातं. महिने वाया गेले तर मेंदूचं नुकसान भरून येत नाही. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर अशी तपासणी सुरू केली होती. आपल्याकडे मात्र वाढदिवसाच्या बॅनरवर 'मोफत थायरॉइड तपासणी' पन्नाशीच्या लोकांसाठी, आणि बाळंतीण घरी जाते तेव्हा बाळाची ही तपासणी झाली का, हे विचारणारं कोणी नाही.

पुढच्या महिन्यात आपल्या भागात पुन्हा शिबिर आहे. आयोजकांना मी दोन गोष्टी लेखी दिल्यात. टीएसएच दहाच्या आत असेल तर त्याच दिवशी चिठ्ठी न देता तीन महिन्यांनी फेरतपासणीची तारीख द्या. आणि उरलेले तपासणीचे किट परवडत असतील तर तो खर्च गावातल्या प्रसूतिगृहांतल्या नवजात बाळांसाठी वळवा. उत्तर आलं की इथेच टाकतो.